आधी पोस्टिंग, मग पेमेंट

अण्णांना माझं काम समजावून सांगायचे तीन प्रयत्न फसले होते. पहिल्यांदा मी 'ब्लॉकचेन' या शब्दापासून सुरुवात केली आणि त्यांनी पेपर उघडला. दुसऱ्यांदा 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हटलं, तर त्यांना वाटलं मी भाडेकरारांचं काहीतरी बघते. तिसऱ्यांदा आईच मध्ये पडली. "ती लोकांच्या चुका काढते आणि वर त्यांच्याकडूनच पैसे घेते." माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

अण्णा सांगलीत एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं होते. लेजर क्लार्क म्हणून लागले, पासिंग ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मी पुण्यात घरी बसून, कधीही न भेटलेल्या लोकांनी सॉलिडिटी नावाच्या भाषेत लिहिलेली स्मार्ट कॉन्ट्रॅक्टं, म्हणजे पैसे सांभाळणारे प्रोग्रॅम, वाचते आणि त्यांतून पैसे कुठून गळतील ते शोधते. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटापाशी चौथा प्रयत्न केला. या वेळी एकही इंग्रजी शब्द वापरायचा नाही असं ठरवलं होतं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या:

माणसाच्या खात्यात शिल्लक आहे का बघा.
असेल तर तेवढे पैसे त्याला द्या.
मग त्याची शिल्लक शून्य करा.

"यात चूक काय?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मासुद्धा शोधला नाही. "हे लिहिलंय कुणी? नावे टाकायच्या आधी पैसे दिलेत की गं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी लहानपणी शंभरदा पाहिलेलं होतं, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. विड्रॉल स्लिप आधी लेजर क्लार्ककडे. तो खतावणी उघडणार, शिल्लक बघणार, रक्कम नावे टाकणार, नवी शिल्लक लिहिणार आणि ग्राहकाच्या हातात पितळी टोकन देणार. स्लिप पासिंगला जाणार. तिथून कॅशियरकडे. कॅशियर टोकनचा नंबर पुकारणार, तेव्हा पैसे मिळणार. "कॅशियरनं नोटा मोजायला घेतल्या म्हणजे खात्यातून ते पैसे कधीच गेलेले असतात. आधी पोस्टिंग, मग पेमेंट. नाहीतर माणूस पैसे घेऊन परत रांगेत उभा राहील, आणि लेजरात शिल्लक तशीच."

मी अण्णांना म्हटलं, तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते माहीत नसल्यामुळे २०१६ साली छत्तीस लाख इथर गेले.

ती गोष्ट 'द डीएओ'ची. इथेरियम ही एक ब्लॉकचेन, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरांवर ठेवलेली सामायिक खतावणी; आम्ही तिला साखळी म्हणतो, आणि इथर हे तिच्यावरचं चलन. डीएओ हा इथेरियमवर लोकांनी मिळून उभा केलेला एक गुंतवणूक निधी. ना ऑफिस, ना संचालक मंडळ, सगळे नियम कोडमध्ये. मे २०१६ मध्ये महिनाभरात त्यात पंधरा कोटी डॉलरहून जास्त किमतीचे इथर जमा झाले. सभासदाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा वाटा वेगळा काढून देणारी एक प्रक्रिया त्यात होती, आणि त्या प्रक्रियेतल्या ओळींचा क्रम माझ्या कॅलेंडरवरच्या ओळींसारखाच होता. आधी पेमेंट, मग पोस्टिंग.

अण्णांनी लगेच अडवलं. "पण माणूस परत रांगेत यायला वेळ लागतोच की. तोवर क्लार्क शिल्लक शून्य करील."

इथेच खरी गोम आहे. इथेरियमवर पैसे घेणारा माणूसच असायला हवा असं नाही, तो दुसरा प्रोग्रॅमही असू शकतो. आणि प्रोग्रॅमला इथर मिळाले की त्याच क्षणी त्याचा स्वतःचा कोड चालतो. पैसे देणारा तिसऱ्या ओळीवर पोचायच्या आत हा कोड पुन्हा पहिल्या ओळीला हाक मारतो: शिल्लक बघा. शिल्लक अजून तशीच. पैसे द्या. पुन्हा हाक. म्हणजे कॅशियरनं नोटा पुढे सरकवलेला हात अजून मागे घेतलेला नाही, तेवढ्यात ग्राहकानं दुसरी स्लिप खिडकीत घातली आहे, मग तिसरी, मग चौथी, आणि बिचारा क्लार्क पेन हातात धरून थांबलाय. आमच्या धंद्यात याला रीएंट्रन्सी म्हणतात. १७ जून २०१६, शुक्रवारचा दिवस. लोक स्क्रीनवर निधी रिकामा होताना बघत होते, आणि थांबवणारं बटण नव्हतं. या प्रकारच्या चुकीबद्दल त्याच महिन्याच्या सुरुवातीपासून उघड लिहिलं जात होतं. हल्ल्याच्या पाच दिवस आधी तर निधीमागच्या मंडळींनी जाहीर केलं होतं की डीएओच्या पैशाला यातून धोका नाही.

चोराला मात्र पैसे लगेच उचलता येत नव्हते. वेगळा काढलेला वाटा काही आठवडे अडकून राहायचा असा नियम होता, आणि तेवढ्या वेळात इथेरियमच्या लोकांनी कडाडून भांडून निर्णय घेतला. २० जुलैला, ब्लॉक (म्हणजे साखळीवरच्या नोंदींचा गठ्ठा) क्रमांक १९,२०,००० पासून साखळीचे नियमच बदलले आणि पैसे मूळ मालकांना परत मिळण्याची सोय केली. ज्यांना हे मान्य नव्हतं ते जुन्या साखळीवरच राहिले. ती इथेरियम क्लासिक या नावानं आजही चालते.

"म्हणजे रिव्हर्सल व्हाउचर काढलं," अण्णा म्हणाले.

हो, पण ते एकदाच. मला स्वतःला तो निर्णय बरोबर वाटतो. 'कोड हाच कायदा' ही घोषणा देणाऱ्यांनीच आपल्या अंगाशी आल्यावर कायदा बदलला, हे मात्र मी माझ्या मंडळींना दर वेळी ऐकवते आणि दर वेळी कुणीतरी चिडतं.

दुसरं व्हाउचर का निघालं नाही, हे पॅरिटीच्या प्रकरणात दिसतं. पॅरिटी हे अनेकांच्या सह्या लागणारं वॉलेट, म्हणजे साखळीवरचं खातं, होतं. प्रत्येक वॉलेटमध्ये सगळा कोड पुन्हा पुन्हा ठेवायला खर्च येतो, म्हणून वॉलेटं छोटी ठेवली आणि खरं काम करणारा कोड एकाच सामायिक कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवला. जुलै २०१७ मध्ये एक मोठी चोरी झाली, कारण वॉलेटचा मालक ठरवणारी आज्ञा कुणीही, कधीही देऊ शकत होतं. दीड लाखाच्या वर इथर गेले. मग कोड दुरुस्त करून नवं सामायिक कॉन्ट्रॅक्ट चढवलं. पण या नव्या कॉन्ट्रॅक्टचा स्वतःचा मालक नेमायचाच राहिला. ६ नोव्हेंबर २०१७ ला डेव्हऑप्स१९९ या नावाच्या कुणीतरी सहज तिथे जाऊन स्वतःला मालक करून घेतलं आणि मग 'नष्ट करा' ही आज्ञा दिली. नंतर त्यानं लिहिलं की चुकून झालं. त्या एका कोडवर अवलंबून असलेली ५८७ वॉलेटं जागच्या जागी गोठली. त्यांत ५,१३,७७४ इथर होते. चोरीला काहीच गेलं नाही. पैसे अजूनही तिथेच दिसतात, काचेच्या पेटीत ठेवल्यासारखे. ते सोडवायचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला होता, पण तोवर पुन्हा अशी दुरुस्ती करायची तयारी राहिली नव्हती.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "स्ट्राँगरूम बांधली, पण चार्ज कुणाला दिला ते ऑर्डरबुकात लिहिलं नाही."

खरं सांगू का, मी गेल्या वर्षी एका ऑडिटच्या अहवालात हेच वाक्य इंग्रजीत लिहिलं. क्लाएंटला आवडलं.

पण मला शहाणपण मिरवायचं नाही. माझीही एक चूक सांगते. दीडेक वर्षापूर्वी कर्ज देण्याघेण्याचं एक कॉन्ट्रॅक्ट आम्ही दोघं वाचत होतो, मी आणि एक सहकारी. मी रीएंट्रन्सी तपासली, मालकी तपासली, भाव कुठून येतो ते तपासलं, आणि 'ठीक' असा शेरा लिहून झोपले. रात्री एक वाजता सहकाऱ्याचा मेसेज. इथेरियमवर अपूर्णांक नसतात. सगळं सगळ्यात लहान एककात, म्हणजे जणू पैशांतच मोजतात. पण प्रत्येक टोकनचे, म्हणजे साखळीवरच्या प्रत्येक नाण्याचे, 'पैसे' वेगळे. बहुतेक टोकनांत एकावर अठरा शून्यं, आणि डॉलरच्या किमतीशी बांधलेल्या यूएसडीसीत एकावर फक्त सहा. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एका ठिकाणी दोन्ही रकमा थेट एकमेकींशी तोलल्या होत्या. मी ती ओळ तीनदा वाचली होती. तीनदा ती मला बरोबर दिसली, कारण गणित बरोबरच होतं, फक्त एका बाजूला रुपये होते आणि दुसऱ्या बाजूला पैसे. कोड अजून साखळीवर चढला नव्हता म्हणून निभावलं. त्यानंतर मी वाचताना प्रत्येक रकमेच्या बाजूला पेन्सिलीनं तिचं एकक लिहिते, पाचवीच्या गणितासारखं.

भाऊबीजेच्या रात्री अण्णांनीच विषय काढला. हे नवीन होतं. त्यांना सह्यांचं समजून घ्यायचं होतं. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे, त्याला जॉइंट कस्टडी म्हणतात. आमच्याकडे तेच मल्टिसिग. नऊजणांपैकी पाचांनी सही केली तर पैसे हलतील, अशी रचना.

रोनिन नावाचा एक पूल होता. 'पूल' म्हणजे एका साखळीवरचे पैसे दुसऱ्या साखळीवर नेणारी व्यवस्था. ॲक्सी इन्फिनिटी या खेळासाठी तो बांधलेला. नऊ किल्ल्या, पाच लागणार. पण नऊपैकी चार किल्ल्या स्काय मेव्हिस या एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा ताण फार वाढला म्हणून आणखी एका संस्थेनं 'आमच्या वतीनं तुम्हीच सही करा' अशी परवानगी कंपनीला दिली. डिसेंबरात ती व्यवस्था बंद झाली, परवानगी काढून घ्यायची मात्र राहिली. २३ मार्च २०२२ ला चोरांनी कंपनीच्या यंत्रणेत शिरून चार किल्ल्या घेतल्या आणि पाचवी त्या विसरलेल्या परवानगीनं मिळवली. १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींच्या वर यूएसडीसी, सगळे मिळून साठ कोटी डॉलरच्या पुढे.

"कळलं कधी?"

"२९ मार्चला. एका माणसाला ५,००० इथर काढायचे होते, ते निघेनात म्हणून."

अण्णांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "सहा दिवस कुणी क्लोजिंग केलं नाही?"

मला हसू आलं, आणि ते मात्र खरोखर चिडले होते. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जात नसे. पाच रुपये कमी निघाले म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेलं त्यांना आठवत होतं. आई म्हणाली, त्या पाच रुपयांसाठी मी पोळ्या तीनदा गरम केल्यात.

माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. तिथे मी कितीही कोड वाचला तरी उपयोग होत नाही. १८ जुलै २०२४ ला आपल्या मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून तेवीस कोटी डॉलरहून जास्त किमतीची क्रिप्टो गेली, म्हणजे ग्राहकांच्या ठेवींपैकी जवळपास पंचेचाळीस टक्के. वॉलेटला सहा सह्यांचे धनी होते, पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या कस्टडी कंपनीचा. व्यवहाराला चार सह्या लागत. चारही झाल्या. कुणी खोटी सही केली नाही. सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही भलत्याच मजकुरावर पडत होती. त्या सह्यांनी पैसे हलले नाहीत, वॉलेटचा कोडच बदलला. एकदा कोड चोराचा झाला की पुढे सह्यांची गरजच नाही. चूक कुणाच्या बाजूची यावर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे लोक असल्याचं म्हटलं.

वझीरएक्सच्या चोरीनंतर सातच महिन्यांनी, म्हणजे २१ फेब्रुवारी २०२५ ला, बायबिट या एक्स्चेंजमध्ये जवळजवळ तोच खेळ झाला, फक्त आकडा मोठा. चार लाखांच्या वर इथर, सुमारे दीडशे कोटी डॉलर. तिथे सेफ या वॉलेटच्या वेबसाइटमध्येच घुसखोरी झाली होती. चोरांनी एका डेव्हलपरच्या कॉम्प्युटरमार्गे आत येऊन पानावरचा कोड असा बदलला की बायबिटच्या वॉलेटसाठीच तो वेगळा वागे. बाकी जगाला वेबसाइट नेहमीसारखी दिसत होती. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोष नव्हता. मी ते ऑडिट केलं असतं तर मीही 'ठीक' लिहिलं असतं.

इथे मला नेहमी एक गोष्ट टोचते. कॉन्ट्रॅक्ट बदलता येत नाही ही अडचण, म्हणून लोकांनी कोड बदलण्याची सोय ठेवली. मधे एक मुखवटा, मागे खरा कोड, आणि मागचा बदलायचा अधिकार काहीजणांकडे. दुरुस्तीसाठी मागचं दार ठेवलं आणि चोर नेमका मागच्या दारानं आला. दार नाही ठेवलं तर पॅरिटी, ठेवलं तर हे.

सही करणाऱ्याच्या हातात असतं ते छोटं हार्डवेअर वॉलेट, पेनड्राइव्हएवढं. त्याच्या इवल्या पडद्यावर खरा व्यवहार दिसतो, पण कसा? शून्य एक्स आणि पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ती कोण वाचणार? बटण दाबायचं. याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. अण्णांनी मात्र पुढे बोलू दिलं नाही, म्हणाले, "चेअरमन सही मागायला यायचे तेव्हा कागद दुमडून आणायचे. सहीपुरती जागा उघडी. मी कागद सरळ करायला लागलो की त्यांना राग यायचा."

यावरून बँका फार सोवळ्या होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ साली पीएमसी बँकेत हजारो बोगस खाती निघाली तेव्हा लेजर टॅली होतंच. अण्णांच्या ओळखीतले दोघं त्यात अडकले होते. पण तिथे निदान ठेव विमा आहे, पाच लाखांपर्यंत. क्रिप्टोला तो नाही. नफ्यावर तीस टक्के कर मात्र आहे, आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस.

सांगलीच्या माणसाला सगळ्यात लवकर कळलं ते बीनस्टॉकचं प्रकरण. या प्रकल्पात निर्णय मतदानानं होत, आणि जितके टोकन जास्त तितकी मतं. दोन तृतीयांश मतं मिळाली तर तातडीचा ठराव एका दिवसानंतर लगेच अमलात येई. एप्रिल २०२२ मध्ये एकानं आदल्या दिवशी ठराव मांडून ठेवला: निधीतले पैसे मला द्या. जोडीला दुसरा ठराव, युक्रेनला अडीच लाख डॉलर देणगी. १७ एप्रिलला त्यानं जवळपास शंभर कोटी डॉलरचं फ्लॅश लोन घेतलं. हे कर्ज एकाच व्यवहारात घ्यायचं आणि त्याच व्यवहारात फेडायचं असतं, तारण लागत नाही. त्या पैशांतून मतं मिळवली, ठराव मंजूर केला, निधी उपसला, कर्ज फेडलं. सगळं एका दमात. प्रकल्पाचं नुकसान अठरा कोटी डॉलरच्या आसपास.

"बोगस सभासद!" अण्णा जवळजवळ आनंदानं ओरडले. "आमच्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीआधी सहा महिने लागायचे हे करायला."

आता घरातली गोष्ट, कारण वरचे सगळे आकडे वाचून 'आपल्याला काय त्याचं' असं वाटू शकतं. माझा मावसभाऊ इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. त्यानं हळूहळू ११४० यूएसडीटी (हेही डॉलरशी बांधलेलं टोकन) जमवले होते. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपात फुकट टोकनची लिंक आली, त्यानं वॉलेट जोडलं, एक खिडकी उघडली, त्यानं 'अप्रूव्ह' दाबलं. त्या क्षणी काहीच गेलं नाही, म्हणून तो निर्धास्त. दोन दिवसांनी पैसे साफ.

त्यानं दिली होती ती परवानगी. 'माझ्या खात्यातून हा पत्ता इतके यूएसडीटी काढू शकतो' अशी. ही सोय रीतसर आहे, प्रत्येक एक्स्चेंज-कॉन्ट्रॅक्टला ती लागते. पण 'इतके'च्या जागी त्या पानानं टाकलेला आकडा होता सगळ्यात मोठा शक्य आकडा, अठ्ठ्याहत्तर अंकी. भावानं तो पाहिला होता. त्याला वाटलं व्यवहार क्रमांक आहे. त्याचा पासवर्ड, वॉलेटची किल्ली असलेले ते बारा गुप्त शब्द, सगळं शाबूत होतं. तो मला फोनवर पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "ताई, बारा शब्द मी कुणालाच दिले नाहीत." सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोर्टलवर भरली, पोच आली. पैसे ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता आम्ही दोघंही बघू शकतो. कधीकधी तो मला रात्री स्क्रीनशॉट पाठवतो: बघ, आज तिथून हलले.

पाडव्याला तो घरी आला होता तेव्हा मी त्याचं वॉलेट उघडून बघितलं. त्याच पानाला दिलेल्या आणखी दोन परवानग्या शिल्लक होत्या, दुसऱ्या दोन टोकनांच्या. टोकन आज नाहीत, पण उद्या आले तर तेही जातील. म्हटलं, या रद्द करू. रद्द करायचं म्हणजे परवानगीची रक्कम शून्य करणारा व्यवहार साखळीवर टाकायचा, आणि कुठल्याही व्यवहाराला इथरमध्ये शुल्क द्यावं लागतं. भावाच्या वॉलेटमध्ये एवढेसेही इथर नव्हते. शेवटी मी माझ्यातून थोडे पाठवले.

"चोराला दिलेली परवानगी परत घ्यायलासुद्धा पैसे?" मावशी म्हणाली.

अण्णा सुपारी कातरत होते. "स्टॉप पेमेंटला बँकपण चार्ज लावते," ते म्हणाले.